मिशनऱ्यांनी पाहिलेले ज्वालामुखी: हवाईतील जुन्या नोंदी किती विश्वासार्ह?

प्रश्न असा आहे की, एकोणिसाव्या शतकात हवाई बेटांवर राहिलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांनी किलाउएआ आणि मौना लोआ या ज्वालामुखींच्या उद्रेकांची जी वर्णने लिहून ठेवली, ती भूविज्ञानाचा पुरावा म्हणून ग्राह्य धरावीत, की धर्मप्रचारकांनी भारावून लिहिलेली प्रवासवर्णने म्हणून बाजूला ठेवावीत? माझी सारी कारकीर्द दख्खनच्या बेसाल्ट खडकांचा अभ्यास करण्यात गेली आहे आणि त्या कामासाठी हवाईच्या या नोंदी मी पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. माझे मत असे की त्या ग्राह्य धराव्यात, आणि तेही आदराने. मात्र वाचताना प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारावा लागतो. हे लेखकाने स्वतः पाहिले, कोणाकडून ऐकले, की पाहिल्यावरून ताडले? ही तीन धाग्यांची गुंतवळ सोडवता आली, तर या पत्रांतून निघणारी माहिती त्या काळच्या एखाद्या वैज्ञानिक मोहिमेच्या अहवालापेक्षाही मोलाची ठरते.

आधी ही माणसे कोण होती ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात महाराष्ट्राशी असलेला एक खरा धागाही आहे. ‘अमेरिकन बोर्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बॉस्टनच्या संस्थेचे मिशनरी १८१३ साली मुंबईत आले आणि त्यातूनच पुढे अहमदनगरपर्यंत पसरलेले अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. याच संस्थेची पहिली तुकडी १८२० साली हवाईला पोहोचली. मुंबईहून लिहिलेली पत्रे आणि हवाईहून लिहिलेली पत्रे ‘मिशनरी हेरल्ड’ या एकाच मासिकात छापली जात. आपल्या कामाचा वृत्तान्त नियमितपणे, तारीखवार आणि तपशिलाने लिहून धाडणे हा या मिशनऱ्यांच्या कर्तव्याचाच भाग होता. ही लिहिण्याची शिस्त ज्वालामुखीच्या अभ्यासासाठी घडवलेली नव्हती. पण तिचा सर्वांत मोठा लाभ त्याच अभ्यासाला झाला.

किलाउएआच्या विवराचे पहिले सविस्तर लेखी वर्णन मात्र अमेरिकन बोर्डाच्या नव्हे, तर लंडन मिशनरी सोसायटीच्या विल्यम एलिस यांचे आहे. १८२३ च्या उन्हाळ्यात एसा थर्स्टन, आर्टेमस बिशप आणि जोसेफ गुडरिच या अमेरिकन सहकाऱ्यांसह ते हवाई बेटाच्या पायी फेरीवर निघाले होते, आणि १ ऑगस्ट रोजी ही मंडळी विवराच्या काठावर पोहोचली. एलिस यांनी याआधी ताहितीजवळच्या बेटांवर काम केले असल्याने तिथली भाषा त्यांना येत होती आणि तिच्याशी जवळचे नाते असलेली हवाईयन भाषा त्यांनी झपाट्याने आत्मसात केली होती. वाटाड्या माकोआ आणि वाटेत भेटणारे गावकरी काय सांगतात, हे त्यांना दुभाष्याशिवाय समजत होते. त्यांच्या नोंदीचे मूल्य ठरवताना ही गोष्ट मी सर्वांत वर ठेवतो.

एलिस यांनी पाहिलेले विवर चंद्रकोरीच्या आकाराचे होते. त्याची लांबी त्यांनी सुमारे २ मैल आणि खोली सुमारे ८०० फूट धरली. तळावर लहानमोठी ५१ शंक्वाकार मुखे मोजून, त्यांपैकी २२ मुखांतून सतत धूर किंवा ज्वाळा निघत असल्याचे त्यांनी लिहिले. लांबी आणि खोली हे नजरेचे अंदाज आहेत. पण मुखांची संख्या ही मोजणी आहे, आणि रात्रभर काठावर बसून केलेली असल्याने ती विश्वासार्ह आहे. ‘ज्वाळा’ या शब्दाविषयी मात्र सावध राहावे. तापलेल्या लाव्हाचे कारंजे आणि त्याच्या उजेडाने लाल झालेली वाफ यांना दुरून पाहणारा माणूस सहज ज्वाळा म्हणतो. ज्वालामुखीय वायू पेटून खऱ्या ज्वाळा निघतात हेही खरे आहे, पण त्या बहुधा निळसर आणि फिकट असतात.

एलिस यांची खरी चुणूक दिसते ती पुढच्या निरीक्षणात. विवराच्या भिंतीवर, तळापासून बऱ्याच उंचीवर, घट्ट झालेल्या काळ्या लाव्हाचा एक पट्टा कठड्यासारखा सर्व बाजूंनी फिरलेला होता. तो पाहून त्यांनी लिहिले की, अलीकडेच विवर या पट्ट्यापर्यंत द्रवरूप लाव्हाने भरलेले असले पाहिजे आणि तो लाव्हा जमिनीखालच्या एखाद्या वाटेने समुद्राकडे किंवा किनाऱ्याजवळच्या सखल भागाखाली निघून गेला असला पाहिजे. विवरापर्यंत येताना पोनाहोहोआ येथे जमिनीत पडलेल्या ताज्या भेगा, त्यांतून निघणारी वाफ आणि नवा लाव्हा त्यांनी पाहिला होता. वरचा साठा उतरणे आणि खालच्या बाजूला भेगांतून उद्रेक होणे या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, ही आज किलाउएआविषयीची मूलभूत समजूत मानली जाते, आणि तिचे बीज या नोंदीत आहे. १८२३ चा तो लाव्हा नैर्ऋत्येकडील भेगेतून बाहेर पडून समुद्राला मिळाला होता, हे नंतरच्या नकाशांनी निश्चित केले.

याहून महत्त्वाची वाटते ती एलिस यांनी केवळ ऐकून लिहिलेली एक गोष्ट. स्थानिक लोकांनी त्यांना सांगितले की, फार पूर्वी हा ज्वालामुखी उकळून वर येत असे आणि काठ ओलांडून आजूबाजूच्या प्रदेशावर पसरत असे. पण मागच्या अनेक राजांच्या काळापासून तो भोवतालच्या जमिनीच्या पातळीखालीच राहिला आहे, खोल आणि रुंद होत चालला आहे आणि अधूनमधून स्फोट होऊन प्रचंड खडक व तापलेले दगड बाहेर फेकतो. विसाव्या शतकात बराच काळ किलाउएआ हा संथपणे वाहणारा, निरुपद्रवी स्वभावाचा ज्वालामुखी समजला जाई आणि १७९० चा स्फोटक उद्रेक, ज्यात केओउआ या सरदाराच्या सैन्याचा एक भाग मारला गेला, हा एकाकी अपवाद मानला जाई. राखेच्या थरांचा नव्याने अभ्यास झाल्यावर चित्र पालटले. पंधराव्या शतकापर्यंत शिखरावरून लाव्हा ओसंडत होता, इ. स. १५०० च्या सुमारास शिखर खचून मोठे विवर तयार झाले आणि त्यानंतर सुमारे ३०० वर्षे स्फोटक उद्रेकांचा काळ होता. गावकऱ्यांनी एलिस यांना सांगितलेला क्रम नेमका हाच आहे. ते निवेदन मिशनऱ्याचे नाही, हवाईयन लोकांच्या पिढीजात स्मृतीचे आहे. मिशनऱ्याने ते कागदावर उतरवले एवढेच त्याचे श्रेय, पण तेही लहान नाही. याच प्रवासात, सोबतचे लोक ओहेलोच्या झुडपांवरील फळांचे घोस तोडून, विवराकडे तोंड करून, त्यांतली अर्धी फळे ज्वालामुखीची देवी पेले हिच्या नावाने टाकतात आणि मगच उरलेली खातात, हेही त्यांनी बारकाईने टिपले आहे. एलिस यांना त्या श्रद्धेबद्दल सहानुभूती नव्हती, तरी वर्णन मोडतोड न करता दिलेले आहे.

आता टायटस कोअन यांच्याकडे वळतो, कारण या विषयाचा गाभा तेच आहेत. अमेरिकेतील कनेटिकटमध्ये १८०१ साली जन्मलेले मिशनरी कोअन १८३५ साली हवाई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील हिलो येथे आले आणि १८८२ साली तिथेच वारले. हिलो आणि पुना हे दोन जिल्हे मिळून सुमारे १०० मैलांचा किनारा त्यांच्या देखरेखीखाली होता. (या पुन्याचा आपल्या पुण्याशी काहीही संबंध नाही.) या किनाऱ्यावरून ते वर्षातून अनेकदा पायी फिरत, दोर धरून ओढे ओलांडत, गावोगावी मुक्काम करत. भूविज्ञानाचे शिक्षण त्यांना नव्हते. मात्र लाव्हाचा नवा प्रवाह कोणत्या ओढ्याजवळ आला, कोणती वाडी त्याखाली गेली, पूर्वी तिथे काय होते, हे त्यांच्याइतके नेमके सांगू शकणारा लिहिता माणूस त्या भागात दुसरा नव्हता. १८४० च्या नोव्हेंबरात अमेरिकन सरकारच्या संशोधन मोहिमेबरोबर जेम्स ड्वाइट डेना हे तरुण भूवैज्ञानिक हवाईला आले. डेना काही दिवस राहून गेले. कोअन राहिले, आणि पुढची सुमारे ४० वर्षे त्यांची पत्रे डेना यांच्याकडे जात राहिली. डेना पुढे ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायन्स’चे संपादक झाले आणि त्या नियतकालिकात कोअन यांचे उद्रेकांचे वृत्तान्त एकामागून एक छापून आले.

ऐकीव आणि प्रत्यक्ष यांतला भेद शिकण्यासाठी १८४० चा उद्रेक हे उत्तम उदाहरण आहे. ३० मे रोजी पुना भागात किलाउएआचा लाव्हा भेगांतून वर आला आणि ३ जूनच्या सुमारास नानावाले येथे समुद्राला मिळाला. या उद्रेकाचे सर्वांत प्रसिद्ध वर्णन कोअन यांचे आहे. रात्रीच्या उजेडात ४० मैलांवर बारीक छापील अक्षरे वाचता येत होती, हे वाक्य अनेक पुस्तकांत उद्धृत केलेले सापडते. परंतु उद्रेक ऐन भरात असताना कोअन हिलोत नव्हते. ते मिशनच्या वार्षिक सभेसाठी ओआहू बेटावर गेले होते. परत आल्यावर त्यांनी लाव्हाचा माग पायी धुंडाळला, विवराचा तळ किती खचला ते पाहिले आणि लोकांना विचारून उरलेले लिहिले. म्हणून उजेडाचे वाक्य मी साक्षीदारांची स्मृती म्हणून वाचतो, तर प्रवाहाचा मार्ग, किनाऱ्यावर लाव्हा व समुद्राचे पाणी यांच्या झटापटीतून उभ्या राहिलेल्या वाळूच्या टेकड्या आणि रिकामे झालेले विवर ही पक्की निरीक्षणे म्हणून घेतो. २०१८ साली याच पुना भागात भेगा उघडल्या, लाव्हाने ७०० हून अधिक घरे गिळली, सुमारे ३५ चौरस किलोमीटर जमीन झाकली, आणि त्याच वेळी शिखरावरचे विवर सुमारे ५०० मीटरपर्यंत खचले. १८४० चा वृत्तान्त शेजारी ठेवून वाचला तर दोन्ही घटनांची जडणघडण एकच आहे हे दिसते. असा उद्रेक पूर्वीही झाला होता हे सांगणाऱ्या लेखी पुराव्यांत कोअन यांचे पत्र अग्रभागी आहे.

कोअन यांचे सर्वांत मोलाचे काम मात्र मौना लोआवरचे आहे. १८४३ च्या जानेवारीत त्या पर्वताच्या उंच उतारावर उद्रेक सुरू झाला आणि तो चालू असतानाच कोअन आपले सहकारी जॉन पॅरिस यांच्यासह वर चढून गेले. घट्ट झालेल्या कवचावरून चालताना, छत कोसळून पडलेल्या एका मोठ्या छिद्रातून त्यांना खाली सुमारे ५० फुटांवर एक बोगदा दिसला. त्याच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या होत्या आणि आतून लाव्हाची नदी अतिशय वेगाने उताराकडे धावत होती. पुढे अशी आणखी छिद्रे लागली. त्यांनी आत मोठमोठे दगड टाकले, आणि ते दगड बुडाले नाहीत. प्रवाहावर तरंगत क्षणार्धात दिसेनासे झाले.

ही नोंद खरी असल्याची खूण त्या दगडांतच आहे. केवळ कल्पनेने लिहिणारा माणूस दगड बुडवेल, कारण पाण्यात दगड बुडतो हेच त्याला ठाऊक असते. द्रवरूप लाव्हाची घनता पाण्याच्या अडीचपटीहून अधिक असते, आणि मौना लोआच्या पृष्ठभागावर सापडणारे दगड वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेले असल्याने द्रवरूप लाव्हापेक्षा हलके असू शकतात. ते तरंगणेच स्वाभाविक आहे. कोअन यांनी हे स्पष्टीकरण दिलेले नाही. त्यांनी जे दिसले ते लिहिले, आणि म्हणूनच ते आज आपल्या कामी येते.

१८५५ च्या ऑगस्टमध्ये मौना लोआवर पुन्हा उद्रेक झाला आणि तो सुमारे १५ महिने चालला. लाव्हा हळूहळू जंगलातून हिलोच्या दिशेने सरकत गावापासून काही मैलांपर्यंत आला. त्या वेळी अभ्यासकांपुढे एक खरी अडचण उभी राहिली. उगमापासून इतक्या दूर आलेला लाव्हा, वाटेत थंड होऊन गोठायला हवा असताना, टोकाशी अजून लाल आणि पातळ कसा राहतो? प्रवाहाच्या खाली ठिकठिकाणी नव्या भेगा असाव्यात आणि त्यांतून ताज्या लाव्हाची भर पडत असावी, असा एक तर्क होता. कोअन ऑक्टोबरात उगमापर्यंत जाऊन आले आणि नंतर खालच्या टोकालाही पुन्हा पुन्हा भेटी देत राहिले. त्यांचे म्हणणे ठाम होते: लाव्हा एकाच उगमातून येतो, स्वतःच्या गोठलेल्या कवचाखालून बंद नळातून वाहावा तसा वाहतो आणि म्हणून त्याची उष्णता टिकते. टोकाशी काय घडते तेही त्यांनी सांगितले. कवच तडकते, आतला लाल रस जिभेसारखा बाहेर येतो, त्यावर पुन्हा साय धरते, मागून येणाऱ्या दाबाने ते कवच उचलले जाते आणि पुन्हा दुसरीकडे फुटते.

आधुनिक मोजमापांनुसार अशा बोगद्यातून वाहणाऱ्या लाव्हाचे तापमान दर किलोमीटरला साधारण १ अंश सेल्सियस किंवा त्याहूनही कमी उतरते. सुमारे ११५० अंशांवर निघालेला रस ५० किलोमीटर गेला तरी वाहता राहू शकतो, तो यामुळेच. कोअन यांच्यापाशी तापमान मोजण्याचे साधन नव्हते. परंतु प्रवाहाचा माथा आणि पायथा दोन्ही स्वतः चालून पाहिलेले असल्याने त्यांचा निष्कर्ष बरोबर आला.

दख्खनच्या खडकांवर काम करणाऱ्याला हे वर्णन दूरदेशीचे वाटत नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आपल्या बेसाल्टमध्ये, पुणे आणि नाशिकच्या परिसरात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असेल तिथे, एकमेकांवर चढलेले लहानमोठे लाव्हाचे लोळे दिसतात. प्रत्येकाच्या माथ्यावर सच्छिद्र कवच, मध्ये घट्ट गाभा, आणि तळाशी बारीक नळ्यांसारखी छिद्रे. कवच तयार होणे, आत रस शिरत राहणे आणि कवच फुगत वर उचलले जाणे, ही क्रिया १९९० च्या दशकात किलाउएआवर नीट मोजली गेली आणि मग तिच्या आधारे दख्खनच्या थरांचा अर्थ नव्याने लावला गेला. कोअन यांनी हिलोच्या जंगलात उभे राहून लिहिलेली वाक्ये आणि आमच्या घाटातली ही रचना एकाच प्रक्रियेविषयी बोलतात.

आता उणिवांविषयी. उंची, वेग आणि अंतर यांचे आकडे नजरेचे आहेत. १८५२ च्या उद्रेकात कोअन यांनी लाव्हाचे कारंजे जवळून पाहिले आणि ते शेकडो फूट उंच असल्याचे लिहिले. हवाईत अशी कारंजी आजही उडतात, त्यामुळे मोठेपणाचा अंदाज ग्राह्य आहे, पण नेमक्या आकड्यावर गणित उभारू नये. दुसरे असे की, धर्मग्रंथातली भाषा त्यांच्या लेखणीत मुरलेली होती. नरकाग्नी, क्रोध, प्रलय हे शब्द वारंवार येतात. माझी पद्धत अशी की विशेषणे वगळावीत आणि क्रियापदे ठेवावीत. काय हलले, काय फुटले, काय उचलले गेले, किती वाजता, हे क्रियापदांत सापडते आणि तिथे कोअन क्वचितच चुकतात. तिसरी उणीव मला सर्वांत जास्त खटकते. त्यांच्याबरोबर ओझी वाहणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या आणि धोका ओळखून त्यांना थांबवणाऱ्या हवाईयन माणसांची नावे बहुतेक ठिकाणी आलेलीच नाहीत.

मिशनच्या घरात लिहिल्या गेलेल्या आणखी एका नोंदीचा उल्लेख केल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. हिलोतच राहणाऱ्या सारा लायमन यांनी १८३३ पासून जाणवलेल्या भूकंपांची रोजनिशी ठेवली, आणि त्यांच्यानंतर घरच्यांनी ती १९१७ पर्यंत चालू ठेवली. त्यात वर्णनाचा फुलोरा नाही. तारीख, वेळ, हादरा सौम्य की जोराचा, एवढेच. १८६८ च्या मार्चअखेर मौना लोआच्या शिखरावर उद्रेक झाला, धरणीकंपांची मालिका सुरू झाली आणि २ एप्रिलला हवाईच्या लिखित इतिहासातला सर्वांत मोठा भूकंप झाला. त्याची तीव्रता आज सुमारे ७.९ धरली जाते. डोंगरउतारावरून आलेल्या चिखलाच्या लोंढ्यात ३१ माणसे गाडली गेली, त्सुनामीने किनाऱ्यावरची गावे धुऊन नेली, आणि ७ एप्रिलला काहुकू येथे लाव्हा फुटून समुद्राकडे धावला. या दहा-बारा दिवसांचा क्रम आज आपल्याला लावता येतो तो कोअन यांची पत्रे, लायमन यांची रोजनिशी आणि बेटाच्या दक्षिणेकडील काऊ भागातल्या रहिवाशांचे वृत्तान्त एकमेकांशी पडताळून. हवाईत भूकंपमापक यंत्रांसह वेधशाळा १९१२ साली उभी राहिली. त्याआधीच्या ८० वर्षांच्या भूकंपांसाठी ही रोजनिशी हाच मुख्य आधार आहे आणि संशोधकांनी तिचे संपादन करून ती वापरलीही आहे.

कोअन यांनी पाहिलेला शेवटचा मोठा उद्रेक १८८० च्या नोव्हेंबरात सुरू झाला, आणि १८८१ च्या ऑगस्टमध्ये लाव्हा हिलोच्या उपसागरापासून मैलभराच्या आसपास येऊन थांबला. चर्चमध्ये प्रार्थना झाल्या. राजघराण्यातल्या रूथ केएलिकोलानी यांनी लाव्हाच्या टोकाशी जाऊन पेलेला नैवेद्य दिला. लाव्हा कोणामुळे थांबला याविषयी दोन्ही बाजूंचे लोक आपापले सांगत राहिले. भूविज्ञानासाठी त्या पत्रांतून घ्यायचे ते टोकाच्या दैनंदिन हालचालीचे वर्णन. आणि तो लाव्हा कवचाखालून बोगद्यातूनच आला होता, हे हिलोजवळच्या काउमाना गुहेत आजही आत शिरून पाहता येते.

या नोंदी वापरायच्या असतील तर शेवटी एक व्यावहारिक सूचना करतो. कोअन यांनी ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना आत्मचरित्रही लिहिले आणि बहुतेक उद्धरणे तिथूनच घेतली जातात. त्या पुस्तकात जुन्या पत्रांतला मजकूर आलेला आहे, पण मधल्या काळात ऐकलेल्या आणि वाचलेल्या गोष्टीही त्यात मिसळल्या आहेत. म्हणून तारखा, अंतरे आणि घटनांचा क्रम त्या त्या वर्षी लिहिलेल्या पत्रांतूनच घ्यावा. ती जुनी पत्रे छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. अमेरिकन भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा मौना लोआच्या लाव्हा-प्रवाहांचा नकाशा समोर उघडून ती वाचली, तर कोअन कोणत्या कवचावर उभे होते, हे बहुतेक वेळा नकाशावर बोट ठेवून दाखवता येते.